डीपीपासून पंधरा पावलं

विजेच्या खांबाचा खड्डा पाच फूट खोल खणतात. लांबीला चार, रुंदीला दोन. खांब आडवा आणून एका अंगानं आत सरकवायचा असतो, म्हणून खड्डा लांबट. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एवढंच नीट येत होतं. वडील नांदेडला मास्तर, घरात कुणी कधी पहार धरलेली नाही. डिप्लोमा झाला आणि नेमणूक मिळाली औसा तालुक्यात. भूकंपाच्या आधी काही महिने.

त्या दिवसांबद्दल लोक अजून विचारतात. मी सांगत नाही, आणि सांगायला माझ्याकडं फारसं नाहीही. गावं गेली होती. माणसांसाठी पत्र्याच्या शेड उभ्या करायचं चाललं होतं आणि तिथपर्यंत लाइन न्यायची होती. गँग नऊ जणांची. पाऊस थांबत नव्हता, काळी माती पहारीला चिकटायची, दर चार घावांनी काडीनं खरवडून काढावी लागायची. गायरानात आदल्या दिवशी डीपी उभी केली होती. डीपी म्हणजे दोन खांब आणि मधे रोहित्र. तिच्यापुढचे खड्डे चालू होते.

तिथं तो आला. वय तिशीच्या आसपास, कपाळावर भस्म, पायात एकच चप्पल. गावात त्याचं किराणा दुकान होतं हे नंतर कळलं. मागं बैलगाडी, गाडीत घोंगडी अंथरलेली, घोंगडीवर काय आहे ते विचारायची गरज नव्हती. त्यानं आधी मुकादमाला विचारलं. मुकादमानं माझ्याकडं बोट केलं. मी सगळ्यात लहान होतो, पण खिशाला पेन होतं.

"साहेब, खड्डे तुमचेच हायेत का?"

"खांबाचे आहेत."

"दोन जास्ती खंदून देता का? आमच्यात जाळत न्हाईत. बसवतात. गावात पहारच राहिली न्हाई कुनाची, समदं खाली गेलंय."

मी काही बोलायच्या आत मुकादमानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि दोघांना हाक मारली. पहिला खड्डा नेहमीच्या मापाचा झाला. दुसऱ्याच्या वेळी तो म्हणाला, "ह्यो इतका नगं. सहा वर्साची हाय."

ते लिंगायत. त्यांच्यात मयताला मांडी घालून बसवतात, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात. ते करायला त्यांचा पुरोहित, जंगम असतो. जंगम कुठं सापडणार होता त्या दिवशी. त्यानं स्वतःच केलं सगळं. बायकोचं लिंग मिळालं होतं. पोरीचं मिळालं नव्हतं. तिच्या रिकाम्या तळहातावर त्यानं बेलाचं पान ठेवलं. मग आमच्या गँगनं माती ढकलली. मीही चार फावडी ओढली. वरून भिजत होतो.

जाताना त्यानं विचारलं, "नंतर सापडायचं कसं?" दगड रोवायचा म्हटलं तर सगळीकडं दगडच पडले होते. मी म्हणालो, "डीपीपासून मोजा. डीपी हलत नसते." आणि मी डीपीपासून चालत गेलो. तो माझ्या पाठीमागून पावलात पाऊल टाकत मोठ्यानं मोजत आला. पंधरा. दुसरा खड्डा पहिल्याला लागूनच. त्यानं माझे हात धरले, त्याच्या हाताला भस्म होतं. दीड वर्षाचा पोरगा वाचला होता, त्याला घेऊन तो सासऱ्याकडं उदगीरला गेला.

चार-पाच वर्षांनी त्याच गायरानाला लागून उपकेंद्र बांधलं. डीपी मधे येत होती. ती रस्त्याकडेला न्यायची ठरली. नकाशा मीच काढला, सही मीच केली. त्या दिवशी मला तो माणूस आठवला का? आठवला. उदगीरचा पत्ता काढून एक कार्ड टाकता आलं असतं. टाकलं नाही. विसरलो असं म्हणणं सोपं आहे, म्हणून म्हणत नाही.

पुढं बदल्या झाल्या. नायगाव, धर्माबाद, मग किनवटच्या अंगाला इस्लापूर. बायको आणि मुलगी नांदेडला. मधे वीज मंडळ मोडलं. एका सकाळी कळलं की आपण आता मंडळ नाही, कंपनी. वीज करणारी वेगळी, तारांवरून वाहून आणणारी वेगळी, आणि आपण ती विकणारी. जुन्या लेटरहेडवर महिनाभर नवा शिक्का मारून काम चालवलं. धर्माबादचा एक म्हातारा वायरमन म्हणाला होता, "साहेब, आधी एक बाप होता, ओरडायचा तर ओरडायचा. आता तीन चुलते झाले. डीपी जळली की तिघंबी म्हणणार, आमचं पोरगं न्हाई." आम्ही हसलो होतो. लोक मात्र बोर्डच म्हणत राहिले. बोर्डाचे साहेब, बोर्डाची लाइट.

मग सोलर आलं. वीज कुणीही करावी, बोली लावावी, ज्याचा दर कमी त्याचं काम. शेतीच्या पंपांना वीज द्यायची ती उपकेंद्राशेजारीच करायची आणि दिवसा द्यायची. योजना चांगली होती. हे मी आज नोकरीपोटी म्हणत नाही. रात्रीच्या पाळीत पाणी द्यायला गेलेल्या माणसांना साप चावल्याचे पंचनामे मी पाहिले आहेत. दिवसा लाइट मिळणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

मुलगी तेव्हा दहावी झाली होती. मार्क चांगले होते, त्यामुळं सगळ्यांनी एकच नाव घेतलं, लातूर. मुलीला एकटीला होस्टेलवर ठेवायला बायको तयार नव्हती.

"ती लातूरला, तुम्ही इस्लापूरला. मी कुठं राहू? मधल्या एसटी स्टँडवर?"

मी बदलीचा अर्ज केला. असे अर्ज ढिगानं पडलेले होते. निम्म्या अधिकाऱ्यांची पोरं त्याच वर्षी अकरावीला असायची, निदान अर्जात तरी.

मग वरिष्ठांचा फोन आला. "तुम्ही भूकंपात तिकडं होता ना?"

"होतो, सर."

"मग तुम्हाला ते गायरान माहितीय. सोलरची संयुक्त पाहणी अडकलीय. जुना माणूस कुणी नाही राहिला. तुम्ही या, पाहणी करा, रिपोर्ट लावा. आलात की इकडंच राहा. बदलीचं मी बघतो. पोरीचं ॲडमिशन कधीय?"

"जूनमध्ये."

"मग घाई करा."

एवढंच बोलणं झालं. त्यात कुणी कुणाला काही देऊ केलं नव्हतं.

पाहणीला मी, तलाठी आणि बोली जिंकलेल्या कंपनीचा एक सर्व्हेवाला. गायरानात बाभळी माजल्या होत्या. जुन्या डीपीच्या जागी सिमेंटचा एक फुटका गट्टू तेवढा उरला होता, गवतात. मी तो पायानं चाचपला. तिथून पुढं बघितलं. पंधरा पावलं नजरेनं मोजायला काही लागत नाही.

पुनर्वसनाच्या गावाकडून एक माणूस चालत आला. केस पांढरे, भस्म तसंच. मी त्याला ओळखलं त्याच्या आधी त्यानं मला ओळखलं.

"साहेब, तुमीच न्हवं का? तुमीच मोजलं हुतं की!"

तो उदगीरहून परत आला होता. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, मुलाला पुनर्वसनाच्या घरात राहायचं होतं. म्हातारा आल्यापासून गायरानात फिरत राहिला होता. जमीन ओळखू येत नव्हती, डीपी रस्त्याला दिसत होती आणि तिच्यापासून मोजलं तर जागा पटत नव्हती.

"मला काय खात्री वाटंना," तो म्हणाला. "म्हटलं आता तुमी आलाव तर बरं झालं. सोलर करा साहेब, आमची न्हाई म्हनन्याची मजाल हाय का. तेवढा कोपरा सोडून द्या फकस्त. दोन माणसं बसतील एवढी जागा."

'दोन माणसं बसतील' हे तो सहज बोलला. तलाठ्याला काही कळलं नाही. त्यानं मला विचारलं, "काय म्हणतोय?" मी म्हणालो, "जुनी ओळख आहे." आणि म्हाताऱ्याला म्हणालो, "बघतो."

फॉर्मात एक रकाना होता. जागेवर स्मशान, दफनभूमी वा धार्मिक स्थळ आहे काय? मी 'नाही' लिहिलं.

'आहे' लिहिलं असतं तर तो तुकडा वगळावा लागला असता. मग क्षेत्र कमी पडलं असतं, नकाशा बदलला असता, मंजुरी पुन्हा वरपर्यंत गेली असती, जून निघून गेला असता. हे सगळं खरं आहे. पण मी हा सगळा विचार करून लिहिलं नाही. आधी लिहिलं. विचार लातूरला बिऱ्हाड हलवताना, टेम्पोत पुढं बसून केला.

लातूरला आम्हाला कोचिंगच्या भागातच दोन खोल्या मिळाल्या. खाली मेस, वर अभ्यासिका, समोर पोरांच्या फोटोंचे फलक. सकाळी सहाला रस्त्यानं सॅक घेतलेली पोरं अशी जायची जशी मिलची पाळी सुटलीय. बाकी शहरात लाइट गेली तरी परीक्षेच्या दिवसांत त्या भागाच्या फीडरला हात लावायचा नाही, असं आम्हाला तोंडी सांगितलेलं होतं. मुलगी खिडकीशी बसून गणितं सोडवायची. पंखा फिरत असायचा.

गायरानात कुंपण पडलं, खांब ठोकायचं मशीन आलं. म्हातारा तहसीलला गेला. तिथं त्याला माझा रिपोर्ट दाखवला. मग तो पत्ता विचारत आमच्या घरी आला. रविवारची सकाळ होती. पिशवीत ओल्या शेंगा आणल्या होत्या. बायकोनं चहा केला. मुलगी आतल्या खोलीत टेस्टचा पेपर सोडवत होती म्हणून आम्ही हळू बोलत होतो. तोही आवाज खाली करून बोलत होता. आमच्या घरात, माझ्या मुलीसाठी.

"साहेब, त्या कागदावर सही तुमचीच हाय का?"

"हो."

"तुमी लिव्हलाव की तिथं काय न्हाई."

"हो."

त्यानं बशीतला चहा फुंकला. मग म्हणाला, "मंग मीच चुकत असन. तुमी मोजमापाची माणसं. मी त्या टायमाला शुद्धीत हुतो का. मंग खरी जागा कोनती?"

तो भांडला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. त्यानं मला पळवाट दिली आणि ती पळवाट आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. मी म्हणालो, "डीपी तीच आहे, रस्त्याकडची. तिच्यापासून पंधरा पावलं. कुंपणाच्या बाहेर येते जागा."

"बाहीर येती?"

"बाहेर येते."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी इथं लिहू शकत नाही, कारण त्या वेळी मी शेंगांच्या पिशवीकडं बघत होतो. "मंग आमी उगंच तहसीलला बोंबललो," तो म्हणाला आणि हसला. जाताना बायकोला म्हणाला, "ताई, साहेबांनी लई मोठी फिकीर मिटवली."

बायकोनं नंतर विचारलं, "कसली फिकीर?" मी म्हणालो, "लाइनीचं होतं काहीतरी." ती शेंगा सोलायला बसली.

सोलर चालू झालं. गावाला दिवसा लाइट मिळायला लागली. एकदा उपकेंद्रावर गेलो तर तो भेटला, म्हणाला, "पोरगा आता दिवसा पानी सोडतो. झोप लागती मला." मुलीचा नंबर लागला, नांदेडलाच मेडिकलला. आता ती वॉर्डात काम करते. चांगली आहे, पेशंटशी नीट बोलते. मी केलेल्याचं तिच्या वाट्याला काही आलं नाही. येऊही नये.

हे सात वर्षं असंच चाललं. मला झोप लागत होती, जेवण जात होतं. लोक म्हणतात तसं मन खात वगैरे नव्हतं. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही, तसं काहीतरी. चालता येतं.

मागच्या श्रावणात उपकेंद्राच्या कामाला गेलो. रस्त्याकडच्या डीपीपासून थोड्या अंतरावर त्यानं चार फरश्या बसवल्या होत्या. बाजूला बेलाचं झाड लावलेलं, माझ्या खांद्याइतकं झालेलं. तो तिथं घागरीनं पाणी घालत होता. घालून झाल्यावर फरशीवर बसला आणि कुणाशी तरी बोलावं तसं बोलायला लागला. पाऊस कमी आहे, सुनेला दिवस गेलेत, असं. मी दहा हातांवर होतो.

मी जवळ गेलो आणि सांगितलं. उभ्यानंच. डीपी हलवली होती. मी हलवली. मला माहीत होतं. जागा आत आहे. मी खोटं लिहिलं, आणि नंतर तुम्हाला खोटं सांगितलं.

त्यानं घागर खाली ठेवली.

"कशापाई?"

"मुलीच्या ॲडमिशनसाठी. बदली पाहिजे होती."

"ती आत टेस्ट सोडवत हुती ती?"

"हो."

"लागला का नंबर?"

"लागला."

त्यानं मान हलवली. फरशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "सात वर्सं मी हितं बोलून राहिलो. आता कशाला सांगितलाव? न सांगता मेला असताव तर काय बिघडलं असतं?"

सांगितल्यानं मला हलकंही वाटलं नाही, आणि त्याच्याकडं जे होतं ते गेलं.

मग तो उठला. "चला. आत कसं जायचं ते बघा."

ते मला जमलं नाही. नोकरीत तीस वर्षं झाली आणि कुणाला विचारायचं हे मला कळेना. गेटवरचा वॉचमन एका एजन्सीचा. तो म्हणाला, मॅनेजरला विचारा. मॅनेजर पुण्याला. ज्या कंपनीनं बोली जिंकली होती तिनं प्लांट दुसऱ्या कंपनीला विकला होता, आणि आता तिसऱ्याच नावाची पाटी होती. मी रिपोर्ट चुकीचा होता असं लेखी दिलं, माझ्या सहीनं. आमच्या कार्यालयानं सांगितलं की जागेचा विषय आता आपल्याकडं नाही, आपण फक्त वीज घेतो. एक साहेब म्हणाले, "रिटायरमेंटला किती राहिलेत? गप बसा की." माझ्यावर कारवाई होईल असं वाटलं होतं. तीही झाली नाही. मी दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही.

तेव्हा म्हाताऱ्यानंच मार्ग काढला. सोलरच्या प्लेटा धुवायला गावातल्या बायका लावलेल्या असतात. त्याची सून त्यातच होती. दिवस गेले तरी ती हलकं काम धरून जात होती. म्हातारा म्हणाला, "दुपारी या. ती आत आसन, आपन बाहीरून सांगू."

जुना नकाशा घेऊन गेलो. सून तारेपाशी आली, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात लांब दांड्याचा पोछा. सासऱ्यानं तिला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. मी कोण हेही. ती माझ्याशी नीटच बोलली.

"कोनती लाइन, साहेब?"

"उपकेंद्राच्या भिंतीपासून तिसरी. तिसरीतलं चौथं टेबल. त्याच्या खाली. दोन-चार फूट इकडंतिकडं होईल."

ती वळली आणि बोटानं रांगा मोजल्या. एक, दोन, तीन. मग टेबलं, म्हणजे प्लेटांचे सांगाडे, मोजली. मोजता मोजता थांबली.

"ते का? ज्याच्या बुडाला आमचे डबे ठिवलेत?"

मी बघितलं. चौथ्या टेबलाखाली सावलीत चार डबे, एक पाण्याची कॅन, आणि अंथरलेलं पोतं.

"तेच," मी म्हणालो.

"आवो, आमी रोज तिथंच जेवून राहिलो की," ती सासऱ्याकडं बघत म्हणाली. "सावली पडती म्हनून. दोन वर्सं झाली. पाय पसरून बसतो आमी तिथं. आमाला काय मालूम."

म्हाताऱ्यानं तार धरली होती. मला वाटलं तो आता मला काहीतरी बोलेल. बोलावं असं वाटत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"किती जनी बसताव?" त्यानं तिला विचारलं.

"चौघी."

"बोलताव का काही जेवताना?"

"बोलतोच की. घरचं, सासवांचं." आणि तिनं डोक्यावरचं फडकं पुढं ओढलं.

"बोलाव," तो म्हणाला. "बसू नगा म्हनत न्हाई मी." मग म्हणाला, "उद्यापून दोन भाकरी जास्ती बांध. एक ल्हान कर."

ती हो म्हणाली आणि परत कामाला गेली, कारण सुपरवायझर हाक मारत होता. म्हातारा रस्त्याकडच्या बेलाच्या झाडाकडं निघाला, घागर तिथंच राहिली होती. मी त्याच्या मागं चार पावलं गेलो. त्यानं मागं न बघता हातानंच मला थांबवलं.